बांगडीच्या मापाचा सायलेन्सर

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्या आधीच कबूल करते. अक्षरही वाईट आहे. आमच्या गावच्या मराठी शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते. पुढची शाळा तेलुगू आणि तीही दुसऱ्या गावी, म्हणून मी चौथीवर थांबले. नंतर कापूस वेचण्यात वर्षं गेली आणि लग्नानंतर वेल्डिंगमध्ये. उजव्या हाताची दोन बोटं ठिणग्यांनी जाड झाली आहेत, त्यांत पेन नीट बसत नाही. कुठं ऱ्हस्व आणि कुठं दीर्घ, हे मी अजून अंदाजानं लिहिते. या वहीत ज्या कामाबद्दल लिहिणार आहे ते मात्र मी अंदाजानं करत नाही, तेवढं धरून चालावं.

आदिलाबादेत कापसाच्या मार्केटकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं टिनाच्या शेडचं दुकान आहे. सायलेन्सरचं काम. सडलेला पाईप कापायचा, नवा जोडायचा, फुटलेला डबा बदलायचा. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर आणि टेम्पो येतात. अलीकडे मॉडिफाय केलेल्या गाड्याही येऊ लागल्या. लोक फोनवर पाहतात आणि तसाच आवाज, तशीच ताकद मागतात. दुकान घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, लग्नाआधीच टाकलं होतं. मी आधी नुसती पान्हे द्यायला बसायची. मग पाईप धरायला लागले, मग टाके मारायला. सहा-सात वर्षांत निम्मं काम माझ्या हातात आलं.

मला चार लोकांत बोलता येत नाही. घशाशी शब्द येतो आणि तिथंच बसतो. वेल्डिंगचा मुखवटा मला त्यासाठीच आवडतो. तो खाली ओढला की कोणी माझ्याकडे पाहत नाही, आणि मी सगळ्यांकडे पाहू शकते. एकदा वरंगलकडचा ट्रकवाला मला "तम्मी" म्हणाला. तेलुगूत धाकट्या भावाला तसं म्हणतात. मी मान हलवली आणि काम पुरं करून दिलं. घरचे त्यावर आठवडाभर हसले.

माझी मोजायची रीत वेगळी आहे. पहिल्यांदा पाईप आणायला मला दुकानात पाठवलं तेव्हा इंच-सूत माझ्या डोक्यात राहीना. बांगडीचं माप मात्र सगळ्या बायांना पाठ असतं. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच. धातूची बांगडी पाईपवर घातली आणि ती हलकी घासत सरकली की माप बरोबर. ढिली पडली तर पाईप लहान, चढलीच नाही तर मोठा. म्हणून शेडच्या लाकडी खांबावर खिळा ठोकून मी त्यावर सगळ्या मापांच्या पितळी बांगड्या अडकवल्या. लहान मुलीच्या दोन इंचीपासून पावणेतीनपर्यंत. पट्टी चुकते, कारण पट्टी धरणाऱ्याचा डोळा तिरपा होतो. बांगडी चुकत नाही.

पाईप वाकवायची रीतही माझी माहेरची म्हणावी लागेल. पोकळ पाईप तसाच तापवून वाकवला तर वळणावर चपटा होतो. पिळलेल्या ओल्या फडक्यासारखा दिसतो आणि धूर तिथं अडतो. म्हणून त्यात वाळू ठासून भरतात, दोन्ही तोंडांना लाकडी बूच मारतात, मग तापवून वाकवतात. आतून वाळूचा आधार असला की वळणावरही पाईप गोल राहतो. ही वाळू कोरडी पाहिजे. माझी आई ज्वारीच्या लाह्या वाळूत फोडायची. कढईतली वाळू किती तापली, तिच्यात ओल उरली का, हे ती हात वर धरून सांगायची. मी तशीच वाळू चाळते, कढईत भाजते, मग पाईपात भरते. घरच्यांनी एकदा घाईत न भाजलेली वाळू भरली होती. पाईप तापल्यावर आत वाफ झाली आणि बूच उडून छताच्या पत्र्याला लागलं. त्या दिवसापासून वाळू माझ्याकडे आली.

आता त्या गाडीचं सांगते.

गाडी इथल्याच एका सरांची होती. कॉलेजात कॉमर्स शिकवतात. घराणं तीन-चार पिढ्यांपासून आदिलाबादेत, घरात सगळे नोकरीवाले. त्यांची पेट्रोल गाडी वीस-बावीस वर्षं जुनी, पण जीव त्या गाडीत. हैदराबादला नेऊन त्यांनी इंजिन खोलून घेतलं होतं, हेड घासून घेतलं, हवा ओढायचा फिल्टर मोठा बसवला. त्यांची बदली आसिफाबादच्या बाजूला झाली होती. दर आठवड्याला केरामेरीचा घाट चढून जायचं आणि यायचं. इंजिन आता जास्त हवा घेतं, तर धूर बाहेर जायची वाटही मोठी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ते अर्धं खरं होतं.

सरांच्या बाई सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरांना जमा-खर्च शिकवतात आणि स्वतःचा सगळा खर्चच." सर हसले. माणूस चांगला. बोलता-बोलता त्यांनी तीन इंची स्टीलचा पाईप मागितला, पुढून मागपर्यंत एकसारखा. फोनवरची गाडी दाखवली. घरच्यांचे डोळे चमकले. इतकं मोठं काम आमच्याकडे आलंच नव्हतं. चाळीस हजारांत ठरलं आणि सरांनी सगळी रक्कम आधीच दिली, विश्वासानं.

मी गाडीखाली जाऊन जुना पाईप पाहिला. माझी सव्वादोनची बांगडी त्यावर लटकत होती. दोन इंचीही ढिलीच पडली. इंजिन दीड लिटरचं. ते सुधारलं तरी दोन इंची, फार तर सव्वादोन, हे मला दिसत होतं. तीन इंची तर ट्रकचं माप झालं. माझ्या खिळ्यावर त्या मापाची बांगडीच नव्हती.

मी बोलले नाही. दोन इंचीची बांगडी काढली आणि घरच्यांच्या हातात दिली, त्यांना कळावं म्हणून. त्यांनी ती सरांसमोर वर धरली आणि म्हणाले, "पाहा सर, आमची बाई बांगड्यांनी गाड्या बनवून राह्यली. मोठ्या पाईपाची बांगडी भेटत नाही म्हणून तिले पटत नाही." सगळे हसले. सरांच्या बाई तेवढ्या नाही हसल्या. मी मुखवटा ओढून दुसऱ्या कामाला लागले.

इथं मी चुकले. एकदा बांगडी देऊन मी गप्प बसले. दुसऱ्यांदा, संध्याकाळी घरी, तव्यावर भाकरी टाकताना सांगता आलं असतं. तेव्हा हसायला कोणी नव्हतं. पण मी मनात म्हटलं, हसलात ना, मग करा. तो राग होता, आणि त्या रागाला मी लाज असं नाव दिलं.

पाईप आला. उरलेल्या पैशांत घरच्यांनी पाईप वाकवायचं हातमशीन आणलं, जुनं, नागपूरकडून. म्हणाले, आता तुझी कढई चुलीवरच ठेव. त्या मशीननं तीन इंची पातळ स्टील वाकवलं तर वळणाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या पडल्या. बाहेरून पॉलिश केल्यावर कोणाला दिसल्या नसत्या. इंजिनातून निघणारे चारही पाईप त्यांनी एकाच जागी एका डब्यात आणून जोडले आणि तिथून मागपर्यंत तो मोठा नळ. जोड मीच मारले. जोड चांगले होते. गाडी सुरू झाली तेव्हा शेडचा पत्रा थरथरला. सर खूश होऊन गेले. जुना सायलेन्सर घरच्यांनी दुसऱ्याच दिवशी भंगारात दिला.

पंधरा-वीस दिवसांनी सर परत आले. बाईही होत्या. या वेळी सर गाडीतून उतरून सरळ शेडमध्ये आले.

त्यांनी सांगितलं ते असं. मोकळ्या रस्त्यावर खूप पळवली तर गाडी ठीक. पण घाटात मोड आला, वेग कमी झाला की गाडीत जीवच नाही. ॲक्सिलेटर दाबला तरी नुसता आवाज. पहिल्या गिअरशिवाय चढत नाही. पेट्रोलही जास्त खाते. त्यांच्या बाई म्हणाल्या, "सरपणाची बंडी आमच्या पुढून गेली. बैलांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही." आणि आवाज इतका की त्या आता कॉलनीच्या कोपऱ्यावरच उतरतात आणि घरापर्यंत चालत जातात.

घरचे म्हणाले, इंजिनात खोट असेल, हैदराबादवाल्यानं बिघडवलं असेल. सर शांतपणे म्हणाले की हैदराबादहून आणल्यावर दोन वेळा जुन्याच सायलेन्सरवर ते घाट चढले होते, तेव्हा त्रास नव्हता. मग जुना बसवून द्या, असं ते म्हणाले. घरच्यांनी मान खाली घातली. जुना भंगारात गेल्याचं सांगावं लागलं. सरांनी वाकून तो नवा नळ एकदा पाहिला. मग म्हणाले, "मग माझे चाळीस हजार परत द्या. मी दुसरीकडे करून घेईन."

चाळीस हजार आमच्याकडे नव्हते. पाईपात गेले होते, मशीनमध्ये गेले होते, थोडे दुकानाच्या भाड्यात. आणि सर गावात ओळखीचे. त्यांनी चार ठिकाणी नुसतं सांगितलं असतं की या दुकानानं पैसे घेऊन गाडी बिघडवली, तर आमच्या शेडसमोर कोण थांबणार होतं? घरचे पुन्हा इंजिनावर आले. आवाज चढायला लागला. मी मागं ट्रॅक्टरचा डबा जोडत होते. मला कळत होतं की हे खोटं बोलून राह्यले आणि त्यांना स्वतःलाही ते कळतं.

मी गॅस बंद केला. मुखवटा वर केला आणि पुढं आले. सरांकडे पाहणं जमेना, म्हणून त्यांच्या गाडीच्या चाकाकडे पाहत बोलले.

"इंजिन चांगलं आहे सर. पाईप चुकला. मले पहिल्या दिवशी माहीत होतं, मी बोलली नाही."

मग सरांच्या बाई म्हणाल्या, "काऊन चुकला, ते तर सांगा." त्यांनी "का" न म्हणता मुद्दाम माझ्यासारखं "काऊन" म्हटलं, आणि मला बोलायला बरं वाटलं.

तेव्हा मी जे सांगितलं ते इथं नीट लिहिते, कारण त्या दिवशी तुटक बोलले होते.

इंजिनातून धूर नळाच्या पाण्यासारखा सलग येत नाही. फुंकरी येतात, एकामागं एक. मागच्या तोंडाशी तळहात धरला तर हातावर त्या वेगळ्या-वेगळ्या लागतात. प्रत्येक फुंकर वेगानं निघून गेली की तिच्या मागं थोडी पोकळी राहते, आणि ती पोकळी पुढच्या फुंकरीला ओढते. म्हणजे धूर ढकलायचं इंजिनाचं अर्धं काम पाईपच करतो. पाईप अंगाबरोबर असला की हे होतं. पाईप फार मोठा केला की फुंकर आत शिरून पसरते, थंड होते, रेंगाळते. मागची फुंकर तिच्या पाठीवर जाऊन आदळते. इंजिन खूप फिरत असेल तेव्हा धूरच इतका येतो की मोठा पाईपही भरून जातो. म्हणून शर्यतीच्या गाडीला तो चालतो आणि सरांची गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवली की ठीक चालत होती. घाटात इंजिन हळू फिरतं. तिथं धूर थोडा आणि पाईप पोकळ. पुष्कळ मेकॅनिक म्हणतात, इंजिनाला मागून दाब पाहिजे. दाब नको. दाब कधीच कामाचा नाही. धुराला वेग पाहिजे, आणि दाब न वाढवता वेग राहील इतकंच तोंड पाहिजे. सगळी कारागिरी त्या मापात आहे.

सरांनी विचारलं की मग आता काय करायचं. मी म्हटलं, मी दोन इंचीचा नवा बनवून देते. घाट चढली तरच त्याचे पैसे घ्यायचे. आणि आधीचे चाळीस हजार परत द्यायचे, कारण ते चुकीच्या कामाचे होते. एकदम जमणार नाही. जसे येतील तसे देऊ, पण पूर्ण देऊ.

सर घरच्यांकडे पाहायला लागले. घरच्यांची मान हलली की नाही, मला आजही सांगता येणार नाही. सर गाडी ठेवून रिक्षानं गेले.

ते गेल्यावर घरच्यांनी मला खूप ऐकवलं. तोंड उघडलं तेही गिऱ्हाईकासमोर. दोन गोष्टी होत्या त्यांच्या मनात, चूक दाखवली याचा राग आणि पैसे कबूल केले याचा. म्हणाले, "चाळीस हजार काय तुझा बाप देते?"

मी म्हटलं, मशीन विका.

ते मशीन त्यांना फार आवडलं होतं. रोज सकाळी तेल लावायचे. तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवण ताटात वाढलं तर जेवायचे, भाजी कमी पडली तर मागायचे नाहीत. चौथ्या दिवशी भैंसा गावच्या एका माणसाला त्यांनी फोन केला. तो जिनिंगच्या मशिनींची दुरुस्ती करतो. पंधरा हजारांत मशीन गेलं. त्यांनी पैसे माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, घे, भाज तुझी वाळू.

मी भाजली. आठ दिवस लागले त्या कामाला. पाईप साधा, लोखंडी, दोन इंची. पुढून मागपर्यंत बांगडी अडली नाही आणि ढिलीही पडली नाही. वळणावरून बांगडी न थांबता सरकते तेव्हा हाताला जे कळतं ते लिहिता येत नाही. पाईप वाकवताना दोन माणसं लागतात, एकानं ज्योत धरायची आणि एकानं ओढायचं. घरचे आले आणि ओढायला लागले. वाळू ठासताना पाईपवर लाकडी हातोडीनं ठोकावं लागतं, नाहीतर आत पोकळ जागा राहते. तेही त्यांनी केलं. ठोकताना विचारायचे, भरली का. मी आवाज ऐकून सांगायचे, अजून नाही. मग ते पुन्हा ठोकायचे.

खरा प्रश्न पुढच्या जोडाचा होता. इंजिनाची चार तोंडं. ती एका डब्यात आणली तर चौघांच्या फुंकरी एकमेकींना अडवतात. आधी दोन-दोन एकत्र आणायची, मग त्या दोनांचा एक. पण कोणत्या दोन? मिरच्या कांडताना एका उखळात दोन बाया मुसळ घालतात. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली येतं. दोघींनी एकदम घातलं तर मुसळं एकमेकांवर आपटतात. तसं ज्या दोघांची पाळी एकमेकांपासून लांब, त्यांना एकत्र आणायचं. मी सरांना निरोप पाठवला की तुमच्या इंजिनात पेटायचा क्रम काय आहे, तो कागदावर लिहून द्या. सरांनी हैदराबादला विचारून लिहून आणलं. पहिला, तिसरा, चौथा, दुसरा. म्हणजे पहिल्याला चौथ्याशी जोडायचं आणि दुसऱ्याला तिसऱ्याशी. पहिल्याला दुसऱ्याशी आणि तिसऱ्याला चौथ्याशी जोडणं सोपं होतं, वाकवायलाही कमी लागलं असतं. मी पाळीनं लांब असलेल्यांनाच जोडलं आणि चारही पाईपांची लांबी सुतळीनं मोजून सारखी ठेवली, म्हणजे सगळ्यांच्या फुंकरी ठरल्या पाळीनं येतील.

मागं डबा लावला, आत भोकाची नळी आणि काचेची लोकर. आवाज जाड आला, पण तो गाडीच्या आसपासच राहिला.

घाटात तपासायला सर मला घेऊन गेले. मी नाही म्हणत होते. सरांच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही नाही आल्या तर मीही येत नाही, मला पुन्हा बैलांच्या मागं बसायचं नाही." सकाळी निघालो. घरचे पुढं सरांच्या शेजारी बसले, आम्ही दोघी मागं. उटनूर गेलं, जैनूर गेलं. मी सगळा वेळ खिडकीला कान लावून बसले होते. सागाचं जंगल सुरू झालं आणि रस्ता चढायला लागला तेव्हा घरच्यांनी एक हात डॅशबोर्डवर ठेवला आणि तो तिथून काढला नाही.

ज्या मोडावर आधी पहिला गिअर टाकावा लागायचा तो आला. सरांनी सवयीनं पहिल्या गिअरकडे हात नेला. मी मागून म्हटलं, "राहू द्या सर, तिसऱ्यातच." माझा आवाज मलाच मोठा वाटला. त्यांनी हात काढला. गाडीनं क्षणभर दम घेतला, मग पाईपाचा सूर खाली गेला आणि गाडी ओढायला लागली. चौघांना घेऊन ती मोडावरून वर निघाली. वर पोचल्यावर सरांनी गाडी बाजूला घेतली. बाई म्हणाल्या, "एवढंच होतं?" सर म्हणाले, "एवढंच नव्हतं." घरचे खाली उतरले, मागं गेले आणि त्यांनी पाईपाच्या तोंडाशी तळहात धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाले, "वेगळ्या-वेगळ्या लागतात."

परत येताना सरांनी विषय काढला. म्हणाले, काम झालं, आता मागचं विसरू. तुम्ही मशीनही विकलं असं ऐकलं. नव्या पाईपाचे बारा हजार धरा आणि बाकी सोडून द्या. घरच्यांना ते पटलं असतं, मला त्यांच्या मानेवरून कळलं. मशीनचे पंधरा हजार तर आम्ही सरांना आधीच दिले होते. बारा हजार नव्या पाईपाचे वजा केले तर तेरा हजार उरत होते. सरांना ती रक्कम मोठी नव्हती. पण मी गप्प बसले म्हणून त्यांचे ते पैसे गेले होते. ते सोडून घेतले असते तर माझं गप्प बसणं त्यांच्या खिशातून भरलं गेलं असतं. मी म्हटलं, नाही, तेरा हजार देऊ. सर काही बोलणार होते. त्यांच्या बाईंनी पुढं वाकून त्यांच्या खांद्यावर बोट टोचलं आणि ते गप्प झाले.

त्यानंतर आमच्याकडे गाड्या जास्त आल्या. सरांनी सांगितलं असेल, त्यांच्या बाईंनीही सांगितलं असेल. आता कोणी मोठा पाईप मागितला की घरचे आधी विचारतात, गाडी चालते कुठं, घाटात की सपाट रस्त्यावर, किती माणसं बसतात. मग म्हणतात, थांबा, माप घेऊ द्या. आणि मला हाक मारतात. लोक माझ्या बांगड्या पाहून हसतात. हसू द्या. एक पोलीसवाला आपल्या भाच्याची गाडी घेऊन आला आणि म्हणाला, आवाज असा पाहिजे की बाजारात सगळे वळून पाहतील. मी मुखवटा न ओढताच म्हटलं, "साहेब, तुमीच चलान फाडसाल." तो आवाज कमी करून घेऊन गेला. तीन इंची स्टीलचा तो पाईप बरेच दिवस शेडच्या मागं पडला होता. बस स्टँडजवळच्या एका हॉटेलवाल्याला भट्टीचं धुराडं पाहिजे होतं. मी तोच पाईप त्याला उभा लावून दिला. तिथं तो छान काम करतो, आणि त्याचे तीन हजार आले ते मी सरांच्या खात्यात धरले.

राहिले दहा हजार. कधी हजार, कधी दीड. दोन महिने काहीच देता आलं नाही, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. सर कधी मागायला आले नाहीत. घरचे पहिले दोन-तीन वेळा कुरकुरले, मग एका महिन्यात त्यांनीच पाचशे काढून माझ्या पैशांत घातले आणि सांगितलं नाही. मला मोजताना कळलं.

शेवटचे दीड हजार द्यायला मी एकटी गेले. घरचे म्हणत होते, फोनवर टाकून दे. मला हातात द्यायचे होते. सर अंगणात गाडी धूत होते. त्यांनी हात पुसले, पैसे घेतले आणि न मोजता खिशात ठेवायला लागले. मी म्हटलं, मोजा सर. त्यांनी मोजले. मग एका कागदावर लिहून दिलं की सगळी रक्कम मिळाली, आता काही बाकी नाही, आणि खाली दस्तखत केली.